अंगणातली चूल

दूधवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं अंगणात तीन दगड मांडले, तेव्हा मी टपरीत बसून सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होतो. माझी टपरी आणि दूधवाल्याचं अंगण, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. त्यांच्या घरात कुणी शिंकलं तर मला कळतं, आणि मी गिऱ्हाइकाला शिवी हासडली तर त्यांच्या म्हशीला कळतं. इतका शेजार.

वारा सुटला होता. शेतं मोकळी झाली की माती भाजून पिठासारखी होते, आणि वारा ती उचलून दार बघत नाही, खिडकी बघत नाही, थेट तोंडात आणून घालतो. अशा वाऱ्यात म्हातारी उकिडवी बसून पातेलं दगडांवर ठेवून बघत होती, डुगडुगतंय का ते.

"मावशी, हे काय काढलंय?"

"डोळे फुटले का तुझे? चूल मांडतेय."

"घरात बटण फिरवलं की जाळ येतोय, तो सोडून?"

"माझी मर्जी."

"कोण येणार आहे का? मोठं पातेलं चढवायचंय?"

"तू तुझं भोक शोध," म्हातारी म्हणाली.

मी ट्यूब परत पाण्यात घातली. म्हातारीनं काटक्या लावल्या, फुंकून फुंकून डोळे लाल केले, मूठभर तांदूळ शिजवले, एकटीनं एका ताटलीत घेऊन खाल्ले, ताटली राखेनं घासली आणि आत जाऊन झोपली. दूधवाला दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्याची बायको त्याच्या मागे. दोघांचे चेहरे असे, की घरात कुणी गेलंय आणि अजून बाहेर सांगायचं आहे.

काय झालं होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. पण तुम्हाला मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखंच भलतंसलतं समजून बसाल.

हे घर म्हणजे काटकसरीचं घर. दूधवाल्याकडं तीन म्हशी होत्या. सकाळी तो रतीब घालायचा. बायको, म्हणजे आमची वहिनी, दगडाच्या खाणीवरच्या माणसांना जेवणाचे डबे करून द्यायची. पोरगी कॉलेजात. सिलेंडरचा भाव वाढत चालला, डब्यात काही उरेना, तेव्हा पोरीनं सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, आपण घरातलं काही वाया घालवायचं नाही. आंघोळीचं पाणी भाजीला. भांड्यांना साबण नाही, राख. जुन्या कपड्यांच्या पिशव्या. आणि शेणाचा गॅस करायचा.

बाप मान हलवत होता. आई हिशोब करत होती. पण खरी पेटली ती म्हातारी. तिला वाटलं, आपण जन्मभर जे करत आलो आणि सुनेनं ज्याला चिकटपणा म्हणून नाकं मुरडली, ते आता कॉलेजात शिकवतात. मग काय विचारता. गॅसचं टाकं बांधलं त्या दिवसापासून शेण कालवायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिलं नाही. कोपरापर्यंत हात घालून गाठी फोडायची. टाक्यातून निघणारी रबडी पाटीनं शेतात न्यायला लावायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून स्वयंपाकघरात न्यायची आणि शेगडी पेटवून दाखवायची.

"बघ. निळा जाळ. धूर नाही, काजळी नाही. आमची म्हैस पेटवते ही."

मलाही तिनं दोनदा दाखवली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, मावशी, बघितलीय मी. तर म्हणाली, तेव्हा भाताखाली होती, आता भाजीखाली बघ.

मग एक म्हैस दगावली. पोरीच्या फीसाठी दुसरी विकली. राहिली एक. एका म्हशीनं किती शेण द्यावं? जाळ इवलासा झाला. भात अर्धा शिजून बसायचा, खाणीवरची माणसं डबा उघडून नावं ठेवायची. परत सिलेंडर आणावा तर डब्यात मिळायचं ते सिलेंडरमध्येच जायचं.

तेव्हा पोरीनं बापाला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बाबा, संडासाचा पाइप टाक्याला जोडा."

दूधवाला म्हणे हबकलाच. पण पोरीनं वहीत चित्र काढून समजावलं. पुष्कळ ठिकाणी करतात, घाण खाली राहते, वर नुसता वायू येतो, शेणाचा येतो तसाच. वहिनी आधी नको म्हणाली, मग अर्धाकच्चा भात बघून हो म्हणाली. प्रश्न राहिला म्हातारीचा.

"तिला सांगायचं कसं?" वहिनीनं विचारलं.

"सांगायचंच कशाला?" दूधवाला म्हणाला.

तिथं चुकलं सगळं. म्हातारी मुलीकडं राहायला गेली होती, तेवढ्यात यानं चर खणला, पाइप टाकला, वर माती ओढून पाणी मारलं. मी विचारलं तर म्हणाला, न्हाणीचं पाणी भाजीला काढतोय. म्हातारी परत आली ती जाळ बघून खूश. डब्यातून परत आलेलं खरकटं टाक्यात टाकायला पोरीनं तिला शिकवलं होतं, तर तिला वाटलं हा आपल्या खरकट्याचाच प्रताप. गावभर सांगत सुटली. म्हैस एकच, पण जाळ बघा, डोकं लागतं त्याला. पोरगी ऐकायची आणि पुस्तकात तोंड घालायची. दूधवाला ऐकायचा आणि गोठ्यात जायचा.

अजून एक गंमत. त्याच सुमाराला दूधवाला फार मोठ्या मनाचा झाला. डबे न्यायला खाणीवरची माणसं यायची, मी आणि दोघं-तिघं सकाळी चहाला त्याच्या दारात असायचो. कुणी जरा चुळबुळ करताना दिसला की हा म्हणायचा, "जाऊन या की. घर आपलंच आहे, लाज कसली?" संडास चोवीस तास सगळ्यांना मोकळा. मी बायकोला सांगितलं, असा माणूस शोधून सापडायचा नाही. आपल्या घरचा संडास कोण देतं हो दुसऱ्याला?

आणि मग एक दिवस म्हातारीला शेंगेचा वेल लावायचा होता. तिनं छोटी कुदळ घेतली आणि अंगणाच्या कडेला खड्डा करायला लागली. कुदळ ठक्कन वाजली. म्हातारीनं माती बाजूला केली. नवा पाइप. ती एका अंगाला उकरत गेली, तर संडासाची भिंत. दुसऱ्या अंगाला उकरत गेली, तर टाकं. भर उन्हात, घरातले झोपलेले आणि मी टपरी मिटून जेवायला गेलेलो, तेवढ्यात एकटीनं अख्खं अंगण उकरलं. मग, हे ऐका, सगळी माती होती तशी परत ओढली, पायानं दाबली, हात धुतले आणि तीन दगड शोधायला गेली.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. घरात मात्र झालं ते झालं. पोरगी समजूत घालायला गेली.

"आजी, घाण वर येत नाही गं. नुसता वायू येतो."

"वायू कशाचा?"

"अगं, शेणाचा चालतो ना तुला? तसाच हा."

"म्हैस गवत खाते. तुम्ही काय काय खाता ते मला माहीत आहे."

दूधवाल्यानं पाय धरले. म्हणाला, "आई, चुकलो. पण विषय वाढवू नकोस."

तर म्हातारी म्हणाली, "घाणीचं राहू दे. मला न सांगता खाऊ घातलंस. आणि मी दारोदार मिरवत हिंडले. मला काय समजलास तू? म्हैस समजलास? पुढ्यात टाकलं की खाते?"



पण बाहेर तिनं चकार शब्द काढला नाही. कळलं असतं तर डबे बंद, डबे बंद तर पोरीचं कॉलेज बंद. एवढं तिला कळत होतं. आत जेवायचं नाही आणि बाहेर सांगायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

आता तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं? ऐंशीच्या घरातली बाई, धड सरळ उभं राहता येत नाही, ती धुळीत बसून आपला भात आपण शिजवते. मुलगा-सून आत निळ्या जाळावर भाजी परततात. माझ्या बायकोनं दुसऱ्या दिवशीच निकाल लावला.

"म्हातारीची चूल वेगळी केली."

"अगं, तीच म्हणते माझी मर्जी."

"म्हणणारच. जायचं कुठं तिला? मर्जी म्हणते. ऐंशीव्या वर्षी बाईला मर्जी असते होय?"

माझ्या बायकोला कळलं म्हणजे पाणी भरायच्या नळावर कळलं, आणि नळावर कळलं म्हणजे मग राहिलंच कोण? दूधवाला रतीब घालायला गेला की बाया भांडं पुढं करून विचारायच्या, "आईनं घेतलं का रे दूध आज, की विकूनच टाकलं सगळं?" वाटेवरचा शिंपी तर त्याला बघून मशीन थांबवायचा. मशीन थांबलं की शांतता व्हायची आणि त्या शांततेतून सायकल हाकत जावं लागायचं त्याला. मी बघितलंय, तिथं तो उतरून चालायला लागायचा. का ते विचारू नका. वाहनावर बसून जायची सुद्धा लाज वाटत असेल माणसाला.

मीही त्याच्याशी नीट बोलेनासा झालो. चहाला जायचो, पण पाठ करून बसायचो.

म्हातारी आपल्या परीनं सावरायला बघायची. नळावर गेली की आपणहून सांगायची, "माझा मुलगा गुणाचा आहे. सून तर लेकीसारखी. मलाच चुलीवरचं गोड लागतं." हे ऐकून बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं. केवढा धाक घातला असेल म्हातारीला, असं म्हणत त्या घरी जायच्या. ती जितकं चांगलं बोलायची तितका तो वाईट ठरायचा.

वारा तर थांबायचं नाव घेईना. चूल पेटायची नाही, पेटली तर भातात माती. मग दूधवाला रोज गोठ्यातला पत्रा काढून आणायचा आणि वाऱ्याच्या अंगाला दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा. म्हातारी खाली बसलेली, हा वर पत्रा धरून, मान खाली. भात शिजेपर्यंत हलायचा नाही. लाकडंही तोच फोडायचा. फुकटचा गॅस घरात, आणि अंगणात विकतचं लाकूड.

माझी बायको भिंतीवरून बघून म्हणाली, "बघा, पहारा देतोय. कुणाशी बोलेल म्हणून."

एकदा वाऱ्याच्या झोतात त्यांचं बोलणं माझ्या कानावर आलं.

"आई, आत चल. लोक थुंकतायत माझ्यावर."

"मग सांग लोकांना."

 पत्रा नुसता थरथर वाजत राहिला.

"नाही ना सांगवत?" म्हातारी म्हणाली. "मग धर पत्रा नीट. राख उडतेय."

मी मनात म्हटलं, बघा, काय सांगवत नाहीय तर आईला हाकललं ते. मनात एकदा पाप बसलं की कान सुद्धा तसलंच ऐकतात.

बातमी शेवटी मुलीकडं पोचली. थोरली मुलगी, दूधवाल्याची अक्का. तिला मी लहानपणापासून ओळखतो. भांडायला उभी राहिली की पदर आधी खोचते आणि कारण नंतर शोधते. ती सकाळच्या टमटमनं उतरली ती थेट अंगणात. वेळ अशी, की मी चहा घेऊन बसलोय, शिंपी बसलाय, खाणीवरचा मुकादम दोन माणसं घेऊन डबे मोजून पाटीत भरतोय. माझी बायको तर भिंतीला टेकून उभीच होती. तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

म्हातारी चुलीपाशी. दूधवाला पत्रा धरून.

वहिनी बिचारी पुढं आली. "अक्का, बसा. चहा घ्या आधी."

अक्कानं चहा घेतला. तीन घोटांत संपवला. कप खाली ठेवला आणि सुरू झाली.

"आई, गाठोडं बांध."

"कशाला?"

"माझ्याकडं चल. मला परवडतं तुला खायला घालायला."

"मी कुठं येत नाही. मला काय झालंय? मी मजेत आहे."

"मजेत आहे म्हणे. डोळे बघ तुझे, धुरानं फुटायला आलेत. आणि हा," ती भावाकडं वळली, "हा काय पत्रा धरून उभा आहे. सावली देतोस आईला? वा. वडील गेले तेव्हा म्हणाला होतास, अक्का, तू काळजी करू नकोस. मी नाही केली. माझंच चुकलं."

"अक्का, ऐक ना," दूधवाला म्हणाला.

"ऐकते की. बोल. कशासाठी वेगळी केलीस?"

त्यानं पत्रा दुसऱ्या हातात घेतला.

"मूठभर तांदूळ खाते ती. तेवढं जड झालं? का बायकोनं सांगितलं?"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. पोरगी दारात येऊन उभी राहिली होती, ती पुढं व्हायला लागली तर म्हातारीनं तिला डोळ्यांनी मागं सारलं.

"कुणी वेगळी केली नाही गं मला," म्हातारी म्हणाली. "माझी मी आलेय बाहेर."

"ऐकलंत?" अक्का आम्हा सगळ्यांना म्हणाली. "अजून पांघरूण घालतेय त्याच्यावर. अशा मुलावर."

तेवढ्यात मुकादम उठला. भला माणूस, पण बोलायला सरळ. म्हणाला, "भाऊ, विषय निघालाच आहे तर सांगतो. माझी माणसं कुरकूर करायला लागलीत. म्हणतात, ज्यानं आईला बाहेर बसवली त्याच्या घरचं अन्न गिळवत नाही. हे आजचे डबे नेतो. उद्यापासून नकोत."

दूधवाल्यानं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याचा चेहरा समोरून बघितला. ज्या डब्यांसाठी तोंड दाबून बसला होता ते चाललेच होते. आता लपवायला काही कारण उरलं नव्हतं, तरी त्याच्या तोंडातून शब्द फुटेना.  पत्रा हातात तसाच.

"आत्ता तरी बोल," अक्का म्हणाली.

"नको," म्हातारी हळूच म्हणाली. "मी जाते हिच्याबरोबर. जाऊ दे." आणि गुडघ्यावर हात ठेवून ती उठायला लागली.

तेव्हा दूधवाल्यानं पत्रा खाली टाकला. केवढ्यांदा वाजला. म्हैस दचकून उभी राहिली.

"गॅस संडासाचा आहे," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. अक्का म्हणाली, "काय?"

"घरातली शेगडी. संडासाचा पाइप टाक्याला जोडलाय मी. आईला न सांगता. तिला कळलं, म्हणून ती आतलं खात नाही. आणि तुम्हाला कळू नये म्हणून ती इतके दिवस तुमचं ऐकून घेतेय." एवढं बोलून तो खाली बसला. तिथंच, मातीत. दोन्ही हातांत डोकं घेतलं. "मी तिला काढली नाही रे. पण याच्यापेक्षा काढलं असतं तर बरं होतं, असं वाटतं मला."

माझ्या तोंडात चहा होता. गिळावा की थुंकावा, मला सुचेना. मी शिंप्याकडं बघितलं तर त्याचेही गाल फुगलेले. दोघांनी एकदमच गिळला.

"कधीपासून?" शिंपी म्हणाला.

"म्हैस विकली तेव्हापासून."

जो तो मनातल्या मनात मागं मोजत गेला. सकाळचा चहा, पाऊस होता तेव्हाचा चहा, शिंप्याच्या पोराच्या निकालाचा चहा. अक्कानं रिकाम्या कपाकडं बघितलं आणि ओट्यावर बसकण मारली.

मुकादम पाटीकडं बघत उभा होता. मग तो सावकाश म्हणाला, "म्हणजे जाऊन या, जाऊन या म्हणून जो आग्रह करत होतास..."

दूधवाल्यानं डोकं वर केलं नाही.

"म्हणजे माझी माणसं इतके दिवस आपला डबा आपणच शिजवत होती."

दुसरा दिवस असता तर आम्ही लोळून लोळून हसलो असतो. त्या दिवशी मुकादमाच्या एका माणसाला हसू फुटलं आणि लगेच विझलं. समोर तो माणूस मातीत बसलेला. पोरगी दारात रडत उभी, सगळं तिच्या डोक्यातून निघालेलं, म्हणून. आणि आमच्या तोंडांवर जे काय उमटलं असेल ते दिसत असणार त्यांना. किळस लपवता येत नाही. शिंप्यानं कप असा लांब सरकवला, की वहिनी बघतेय हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. माझी बायको भिंतीपलीकडून म्हणाली, "चला घरी. चहा घरी करते." हळू म्हणाली, पण ऐकू गेलं सगळ्यांना.

मुकादमानं पाटीतले डबे एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. ओट्यावर मांडून ठेवत होता. वहिनी नुसती बघत होती. पहाटेपासून राबली होती त्या डब्यांसाठी.

म्हातारी अजून अर्धी उठलेली, गुडघ्यावर हात. तिनं एकदा डब्यांकडं बघितलं. एकदा शिंप्याच्या कपाकडं बघितलं. मग मातीत बसलेल्या मुलाकडं. मग सरळ झाली, जितकं तिला होता येतं तितकी, आणि घरात गेली. आतून तिचा आवाज आला.

"सूनबाई, आत ये. चहा ठेव. दूध जास्त घाल."

वहिनी आत गेली. शेगडी पेटल्याचा फस्स आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. एरवी कधी ऐकू आला नव्हता. म्हातारी कप घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. सगळ्यांच्या पुढ्यात.

"मला सांगितलं नाही, म्हणून मी रागावले होते," ती म्हणाली. "माझ्या मुलावर. तुमच्यावर नाही. आता सगळ्यांना सांगितलं त्यानं. माझा राग संपला."

आणि प्यायली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. एकेकाकडं बघत.  शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, कप उपडा करून दाखवला.

"गोड आहे. तुम्हाला काल लागला तसाच. आता लागत नसेल तर नका पिऊ. पण माझ्या सुनेचे डबे असे खाली काढू नकोस रे मुकादमा. भरलेला डबा आहे तो, मेलेला उंदीर नाही."

मुकादमाचा हात तिथंच थांबला.  मग त्यानं एक डबा परत पाटीत ठेवला. मग दुसरा. त्याच्या माणसांनी तोंडं वेडीवाकडी केली, पण पाटी उचलली. अक्का उठली, भावाजवळ गेली, त्याच्या पाठीवरची माती झटकायला लागली. झटकताना दोन रपाटेही घातले.

पाटी वाटेला लागल्यावर मी उठून माझा कप धुवायला गोठ्यामागच्या पिंपाकडं गेलो. खरं सांगायचं तर राहिलेला चहा ओतून टाकायला गेलो होतो. आणि बघतो तर म्हातारी माझ्या आधी तिथं पोचलेली. आत जायचं निमित्त करून मागच्या दारानं आली असणार. भिंतीला एक हात लावून वाकली होती, आणि प्यायलेलं सगळं ओकत होती. अंग नुसतं हिसके देत होतं. दूधवाला तिच्या मागोमाग आला होता. एका हातानं त्यानं तिचं कपाळ धरलं होतं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

ओकारी थांबली तेव्हा तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. मी पिंपाआड होतो.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "सुनेला तर मुळीच नको."

"आई, उद्यापासून तू बाहेरच शिजव. मी पत्रा धरीन."

"गप. उद्या त्यांनी पिऊन बघितला तर? मी नको का बसायला उंबऱ्यावर?"

तो तांब्या धरून तसाच उभा. मोठा माणूस, मिशा पिकायला लागलेल्या, आणि तोंड असं झालेलं, की मी तिथून निघून आलो. कप न धुताच.

पुढं झालं ते असं. खाणीवरचे निम्मे डबे तुटले, निम्मे राहिले. थोड्या दिवसांनी तुटलेल्यांतले काही परत आले, कारण इतकं पोटभर आणि इतक्या कमी पैशात दुसरं कुणी देईना. शिंपी परत चहाला यायला लागला. माझी बायको अजून नाक मुरडते, पण मीही जातो. पोरगी परीक्षा पास झाली. दूधवाला आता संडासाचा आग्रह कुणाला करत नाही. लोक आपणहून जातात.

म्हातारी रोज सकाळी उंबऱ्यावर बसते आणि सगळ्यांच्या देखत कपभर चहा पिते. वाटेनं नवा कुणी जाताना दिसला तर त्याला हाक मारून बसवते. आणि दूधवाला रतिबाला निघायच्या आधी भरलेला तांब्या गोठ्यामागं ठेवून येतो. ती पिऊन उठते, सावकाश मागं जाते.

मी त्या वेळी ट्यूब पाण्यात बुडवून बसतो. तिकडं बघत नाही.